ताटलीवरील चित्र कोणाचें?

आपल्याकडे पान मांडावयाचें झालें म्हणजे शोभेचें जें कांहीं करावयाचें तें ताटाच्या भोंवतीं. पाटाखालीं रांगोळी, ताटाभोंवतीं महिरप, बाजूस समई. ताट मात्र घांसून पुसून लख्ख आणि कोरें. ज्यांत अन्न वाढावयाचें त्यावरच चित्र काढावें ही कल्पना आपल्या घरांत कधीं रुजली नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील युरोपियन श्रीमंतांनीं नेमकें याच्या उलट केलें. त्यांनीं चित्र ताटाच्या आंत नेलें, त्यावर सोन्याची वेलबुट्टी काढविली, आणि अखेर त्या चित्राचा मोह इतका वाढला कीं त्यांत वाढणें बंद होऊन ताट भिंतीवर जाऊन बसलें. भांड्याचें चित्र कसें झालें, तें कोणाच्या हातांनीं झालें, आणि त्या हातांना काय मिळालें, याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय आम्हांस सुचला तो एका घरगुती प्रसंगामुळें. आमच्या माजघराच्या फडताळांत चिनी मातीची एक ताटली कित्येक वर्षें पडून आहे. पणजोबांनीं ती मुंबईस एका विलायतेस परत जाणाऱ्या साहेबाच्या लिलावांत घेतली, एवढाच तिचा इतिहास घरांत ठाऊक. मधोमध गुलाबांचा झुबका, कांठावर झिजलेली सोनेरी रेघ, आणि एका अंगास टवका उडालेला. सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत तिला कधींच थारा मिळाला नाहीं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत ती बाहेर निघाली, तेव्हां धाकट्या बंधूंनीं सुचविलें कीं जुन्या वस्तु घेणाऱ्या व्यापाऱ्यास ती देऊन टाकावी. व्यापारी आला, त्यानें ताटली उलटसुलट केली व म्हणाला, ‘‘हा छापाचा माल आहे, हातकाम नव्हे. याला फारसें मोल नाहीं.’’ सौदा होण्याच्या बेतांत होता. इतक्यांत आमची आठ वर्षांची नात, जी इतका वेळ ताटली डोळ्याशीं धरून बसली होती, ती म्हणाली, ‘‘आजोबा, छाप असेल तर हा गुलाबी रंग रेघेच्या बाहेर कसा गेला? माझा जातो तसा?’’

या प्रश्नाला व्यापाऱ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आमच्याजवळही नव्हतें. ताटली त्या दिवशीं विकली गेली नाहीं. उत्तर शोधतां शोधतां आम्ही मात्र बरेच दूर गेलों.

प्रथम ही माती म्हणजे काय तें पाहूं. आपण ज्याला सरसकट चिनी माती म्हणतों, त्यांत उत्तम प्रतीचें जें भांडें तें पोर्सेलिन. केओलिन नांवाची शुभ्र माती, फेल्स्पार जातीचा दगड आणि गारगोटीची पूड यांचें मिश्रण सुमारें १४०० सेंटिग्रेड अंशांपर्यंत तापविलें म्हणजे तें अर्धवट वितळून कांचेसारखें घट्ट व अर्धपारदर्शक होतें. दिव्यासमोर धरलें तर मागच्या बोटांची सांवली दिसते. ही विद्या चिनी लोकांना हजार वर्षांपूर्वींच साध्य झालेली होती. युरोपला ती अठराव्या शतकाच्या आरंभीं साधली, आणि १७१० सालीं सॅक्सनींतील माइसेन येथें तिचा पहिला कारखाना निघाला. फ्रान्समध्यें लिमोज शहराजवळ १७६८ सालीं केओलिनचे थर सांपडले, आणि पॅरिसजवळील सेव्ह्र येथील राजाश्रित कारखान्याला खऱ्या पोर्सेलिनचा मार्ग मोकळा झाला.

परंतु पांढरें भांडें तयार होणें ही अर्धी गोष्ट. त्यावर चित्र काढणें हें निराळेंच दिव्य. कागदावर रंग दिसतो तसा राहतो. येथें तसें नाहीं. हे रंग म्हणजे धातूंचीं भस्में: कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, लोहापासून तांबडा व तपकिरी, अँटिमनीपासून पिवळा, आणि गुलाबी व जांभळा तर प्रत्यक्ष सोन्यापासून. हीं भस्में वितळणाऱ्या कांचेच्या पुडींत मिसळावयाचीं, टर्पेंटाइनमध्यें खलावयाचीं, आणि झिलई दिलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक कुंचल्यानें चढवावयाचीं. नंतर भांडें बंद पेटीच्या भट्टींत सुमारें ७०० ते ९०० अंशांवर पुन्हा भाजावयाचें, म्हणजे रंग वितळून झिलईशीं एकजीव होतो. गंमत अशी कीं भाजण्यापूर्वीं यांतील कित्येक रंग मळकट दिसतात व त्यांचें खरें रूप भट्टींतून बाहेर आल्यावरच कळतें. चित्रकारानें न दिसणारा रंग मनांत धरून रंगवावें, आणि बाकीचें अग्नीवर सोंपवावें. एकेक ताटली अशी दोन-तीन वेळां भट्टींत जाई. शेवटीं सोनें चढवीत. तेंही भट्टींतून निस्तेज बाहेर येई, आणि अकीकाच्या दगडानें घांसल्यावर मग झळके. सेव्ह्र येथें हें घांसण्याचें काम स्त्रिया करीत.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत या कलेचें माहेरघर म्हणजे हा सेव्ह्रचा कारखाना. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत तो मरणाला टेंकला होता. १८०० सालीं त्याच्या प्रमुखपदीं अलेक्सांद्र ब्रोंन्यार या तीस वर्षांच्या भूगर्भशास्त्रज्ञाची नेमणूक झाली, आणि १८४७ त मृत्यु येईपर्यंत हा गृहस्थ त्याच खुर्चीवर होता. राजे बदलले, सम्राट आला आणि गेला, पुन्हां राजे आले. ब्रोंन्यार हालला नाहीं. शास्त्रज्ञ असल्यामुळें त्यानें रंगांचा अभ्यास रसायनशाळेंतल्यासारखा केला. व्होक्लां या रसायनज्ञानें १७९७ सालीं क्रोमियम धातूचा शोध लावला होता. तिच्यापासून निघणारा पक्का हिरवा रंग सेव्ह्रच्या भांड्यांवर लवकरच उतरला. भट्टींत फारसे न पालटणारे रंग सिद्ध करून त्यानें चित्रकाराचा आंधळेपणा पुष्कळ कमी केला. १८२४ सालीं त्यानें कारखान्याच्या जोडीस मृत्तिकाकलेचें संग्रहालय उभारलें, आणि १८४४ त या विद्येवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या कारखान्यांतून निघालेल्या एका ताटांच्या संचाची कथा आपणां महाराष्ट्रीयांना विशेष जवळची आहे. ती अशी. नेपोलियननें १७९८ सालीं मिसर देशावर स्वारी केली. राजकारण म्हणून ती फसली. पण सोबत नेलेल्या विद्वानांनीं तेथील देवळें व अवशेष यांचीं चित्रें काढून आणिलीं. त्यांपैकीं देनों याचें सचित्र प्रवासवर्णन १८०२ सालीं निघालें, आणि त्यावरून सेव्ह्रच्या चित्रकारांनीं एक भोजनोत्तर फळफळावळीचा संच रंगविण्यास घेतला. प्रत्येक ताटलीच्या मध्यभागीं मिसर देशांतील एक देखावा, भोंवतीं गडद निळा कांठ, आणि त्या कांठावर सोन्यानें काढलेलीं मिसरी चित्रलिपीचीं अक्षरें. त्या अक्षरांचा अर्थ काढणाऱ्याला, पाहणाऱ्याला, कोणालाच ठाऊक नव्हता. कारण ती लिपि शांपोल्यों यानें उलगडली ती पुढें १८२२ त. मध्यें ठेवावयास मिसरी देवळांची, स्तंभांची व पुतळ्यांची पोर्सेलिनचीच एक लांबलचक प्रतिकृति.

फळफळावळीचा संचच एवढा सजविण्याचें कारण सोपें आहे. जेवणाच्या अखेरीस येणारे पदार्थ कोरडे. त्यांत रस्सा नाहीं, सुरी चालविणेंही कमी. म्हणून चित्राचा सारा थाट या ताटल्यांवर. द्राक्षांचा घोंस उचलावा आणि त्याखालीं नाइलकांठचें देऊळ दिसावें, अशी ती करमणूक होती.

पहिला संच १८०८ त रशियाच्या झारास नजर झाला. दुसरा, नेपोलियननें काडी मोडून दिलेली सम्राज्ञी जोसेफीन हिच्यासाठीं, घटस्फोटाच्या भरपाईपैकीं म्हणून तयार करण्यांत आला. १८१२ त तो तिच्यापुढें आला तेव्हां तिनें तो फारच रुक्ष आहे म्हणून परत पाठविला. नवऱ्यानें टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या पराक्रमाचीं ताटें पाठवावीं, यांतला रुक्षपणा केवळ चित्रांतलाच होता काय, हें वाचकभगिनींना आम्ही सांगावयास नको. संच कारखान्यांत पडून राहिला. पुढें वॉटर्लू झालें, नेपोलियन सेंट हेलेनास गेला, आणि गादीवर परत आलेल्या अठराव्या लुईनें १८१८ सालीं हीच ताटें नेपोलियनच्या जेत्यास, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास, भेट दिलीं.

हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासांतील आर्थर वेलस्ली. १८०३ च्या मे महिन्यांत दुसऱ्या बाजीरावास पुण्याच्या गादीवर परत आणून बसविणारा तोच. आणि त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या असई गांवापाशीं, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर जय मिळविणाराही तोच. लंडनमधील त्याच्या वाड्यांत, ज्याला ॲप्सली हाउस म्हणतात व जो १९५२ सालापासून संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे, मिसरी संच पाहावयास मिळतो. तेथेंच दख्खनच्या मोहिमेंतील अधिकाऱ्यांनीं त्यास दिलेलीं सोन्याचा मुलामा केलेलीं रुप्याचीं भांडींही आहेत. आणि तेथेंच प्रशियाच्या राजानें १८१९ सालीं दिलेला बर्लिनच्या राजकीय कारखान्याचा संच आहे. त्यांतील ६४ ताटल्यांवर या सेनापतीचें सारें चरित्र रंगविलेलें आहे. आयर्लंडमधील बालपण, हिंदुस्थानांतील वर्षें, स्पेन आणि पोर्तुगालच्या मोहिमा, शेवटीं वॉटर्लू.

या ताटल्यांच्या कारागिरीविषयीं शंकाच नाहीं. तळहाताएवढ्या वर्तुळांत आकाश, नदी, घोडेस्वार आणि धूर बसविणें, आणि तेंही भट्टींतून सुखरूप बाहेर काढणें, हें सोपें काम नव्हे. पण एक गोष्ट मनांतून जात नाहीं. या चित्रांत जेता आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यांत जे पडले, दोन्ही बाजूंचे, ते तेथें नाहींत. चित्र कोणाचें या प्रश्नाला दोन अर्थ असतात: तें कोणाविषयीं आहे, आणि तें कोणीं काढलें. राजांनीं राजांना दिलेल्या ताटांवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोनेरी अक्षरांत असतें. दुसऱ्याचें असलेंच तर ताटाच्या पाठीवर, एखाद्या बारीक खुणेंत.

म्हणूनच त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका संचाकडे आमचें मन अधिक ओढलें. ब्रोंन्यारनें १८२० सालीं देव्हेली नांवाच्या चित्रकारास निराळेंच काम सांगितलें. ना लढाया, ना देवता. ताटल्यांवर फ्रान्सचे धंदे काढावयाचे. कारागीर आपापल्या कामावर, हत्यारें हातांत, अंगावर कामाचे कपडे, अशीं हीं चित्रें आहेत. हें काम १८३५ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षें चाललें. आणि १८३६ त हा ‘औद्योगिक कलां’चा संच ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख यास भेट म्हणून गेला. यांत खुद्द सेव्ह्रच्या कारखान्यांतील कामाचाही समावेश आहे. म्हणजे ज्या ओट्यावर बसून ताटल्या रंगविल्या, तो ओटा ताटलीवर आला. युरोपांतील एका धूर्त मुत्सद्द्याच्या मेजवानींत, फळांच्या सालींखालून कामकरी माणसें वर पाहत आहेत, हें दृश्य कल्पनेंत आणून पाहावें!

याच काळांत एका स्त्रीनें सेव्ह्र येथें मोठें नांव मिळविलें. मारी-व्हिक्तोआर जाकोतो हिचा जन्म १७७२ चा. राफाएलसारख्या जुन्या आचार्यांच्या तैलचित्रांच्या पोर्सेलिनच्या पाट्यांवर हुबेहूब नकला करण्यांत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. राजाकडून तिला राजचित्रकारीण म्हणून मान मिळाला. ब्रोंन्यारचा या नकलांमागें एक गंभीर हेतु होता. कापडावरील तैलरंग काळे पडतात, तडकतात. भट्टींतून निघालेला रंग मात्र शतकानुशतकें तसाच राहतो. तेव्हां मूळ चित्रें नष्ट झालीं तरी पोर्सेलिनवर तीं अमर राहतील, असा त्याचा हिशेब. हिशेब शास्त्रशुद्ध होता खरा. या रंगांना काळ शिवत नाहीं. पण हातून निसटलेल्या एका क्षणाला हें अमरत्व पुरत नाहीं. रंग उडत नाहीं आणि भांडें फुटतें, हा या कलेचा जन्मजात विनोद आहे.

आतां आपण राजवाड्यांतून मध्यमवर्गाच्या घराकडे वळूं. कारण आमची ताटली त्या वाटेनें आलेली आहे. इंग्लंडमध्यें अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून, त्याचा ठसा पातळ कागदावर घेऊन, तो कागद भांड्यावर दाबून छाप उठविण्याची युक्ति निघाली. स्टॅफर्डशर परगण्यांतील कुंभारगांवांनीं ती इतकी वाढविली कीं निळ्या छापाचीं भांडीं जगभर गेलीं. विलो वृक्ष, पूल आणि दोन पांखरें असलेला जो सुप्रसिद्ध नमुना, तो व त्याच्याशीं जोडलेली चिनी प्रेमकथा, दोन्ही इंग्लंडांतच तयार झालेलीं आहेत. पुढें शिळाछापाच्या रंगीत चित्रांचे कागद निघाले, आणि अख्खा गुलाब एका दाबांत ताटलीवर बसूं लागला.

हातकाम आणि छाप यांच्या मध्यें मात्र एक तिसरी जात होती, आणि येथें आमच्या नातीच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें. बाह्यरेषा तेवढ्या छापावयाच्या, आणि आंतला रंग हातानें भरावयाचा. हें रंग भरण्याचें काम बहुधा स्त्रिया व अल्पवयी मुली करीत. ओळीनें बसलेल्या, प्रत्येकीपुढें भांड्यांची चवड, मजुरी नगावर. हात भराभर चालला पाहिजे, म्हणून रंग कधीं रेघेच्या आंत राही, कधीं बाहेर जाई. आमचा व्यापारी अर्धा बरोबर होता: रेघ छापाचीच होती. पण रंग माणसाचा होता. आणि बहुधा अशा एका मुलीचा, जी आमच्या नातीपेक्षां फारशी मोठी नसावी.

त्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या सुशिक्षित स्त्रियांनींही हा कुंचला हातीं धरला. पण निराळ्या दारानें. मध्यमवर्गांतील ज्या मुलींचें लग्न झालें नाहीं, किंवा ज्यांच्यावर अकालीं संसाराचा भार पडला, त्यांना पोटासाठीं काय करावें हा तेव्हां तेथें ज्वलंत प्रश्न होता. शिक्षिकेखेरीज ‘कुलीन’ असा धंदा जवळजवळ नव्हता. चिनी मातीवरील चित्रकला ही घरांत बसून, स्वच्छ हातांनीं, प्रतिष्ठेला धक्का न लावतां करतां येई. १८७१ सालीं मिंटन या प्रसिद्ध कारखान्यानें लंडनच्या केन्सिंग्टन भागांत एक चित्रशाळा उघडली. तेथें साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेंतील विद्यार्थिनी ताटल्या व पाट्या रंगवीत. ती १८७५ सालीं आगींत जळाली. पण तोंवर वारें सुटलें होतें. १८७६ पासून लंडनच्या हॉवेल अँड जेम्स या दुकानानें स्त्रियांनीं रंगविलेल्या भांड्यांचीं वार्षिक प्रदर्शनें भरविलीं. अमेरिकेंत सिनसिनाटी शहरीं मेरी लुईस मॅक्लॉक्लिन या बाईनें १८७७ त या कलेचें सुबोध पुस्तक लिहिलें. आणि त्याच शहरांत, त्याच हौसेंतून पुढें आलेल्या मरिया लाँगवर्थ निकल्स हिनें १८८० सालीं स्वतःचा रुकवुड नांवाचा कारखानाच काढला. फावल्या वेळचा छंद म्हणून सुरू झालेली गोष्ट एका स्त्रीच्या मालकीचा उद्योग झाली, हें त्या काळीं सामान्य नव्हे.

या उजळ बाजूला एक काळी किनारही आहे. बारीक काम करतांना मनगट स्थिर राहावें म्हणून चित्रकार हाताखालीं एक लांकडी पट्टी घेई. स्टॅफर्डशरच्या पुरुष कारागिरांनीं हट्ट धरला कीं स्त्रियांना ही पट्टी वापरूं द्यावयाची नाहीं. आणि सोन्याचें काम, ज्याला मजुरी जास्त, तेंही त्यांना द्यावयाचें नाहीं. कारण उघड होतें. हात स्थिर झाला तर काम पुरुषाच्या तोडीचें होईल. काम तोडीचें झालें तर दामही तोडीचा मागितला जाईल. एवढीशी लांकडाची पट्टी. पण तिच्यावर मान, मजुरी आणि कौशल्य तिन्ही टेंकलेलीं होतीं. स्त्रियांच्या हाताला मूळचीच स्थिरता नसते असें म्हणणारे लोक सर्व देशांत सांपडतात. त्यांनीं ती पट्टी कोणीं काढून घेतली याची चौकशी आधीं करावी.

आपल्या मुंबईसही या लाटेचा एक तरंग पोंचला. १८५७ सालीं सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतील शिक्षक जॉर्ज टेरी यांनीं तेथें कुंभारकामाचा विभाग चालविला, आणि पुढें ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नांवानें भांडीं काढलीं. ती माती पोर्सेलिन नव्हे, साधी भाजलेली व झिलईची. पण तिच्यावरील चित्रांत अजिंठ्याच्या लेण्यांतील आकृति व वेलपत्री उतरल्या. त्याच सुमारास, १८७२ पासून, कलाशाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. दीड-दोन हजार वर्षें अंधारांत राहिलेलीं रूपें मुंबईच्या भट्टींतून निघून विलायतेच्या दिवाणखान्यांत गेलीं. ज्या विद्यार्थ्यांनीं तीं काढलीं त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्या भांड्यांवर नाहींत.

ज्यांना अशीं चित्रित भांडीं प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल त्यांना फार लांब जावयास नको. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंनीं दिलेल्या संग्रहांत चिनी व जपानी पोर्सेलिन आहे, आणि हैदराबादच्या सालार जंग संग्रहालयांत सेव्ह्र, माइसेन इत्यादि युरोपियन कारखान्यांचीं भांडीं मांडलेलीं आहेत.

आतां घरोघरच्या फडताळांविषयीं दोन शब्द. आपल्याकडे अशी एखादी जुनी ताटली, फुलदाणी किंवा बशी असेल तर तिला टाकून देण्यापूर्वीं एक भिंग घ्यावें व उजेडांत बसावें. निव्वळ छाप असेल तर रेषा सर्वत्र सारख्या जाडीच्या दिसतील, किंवा रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसेल. कांठावरील नक्षीत कोठें तरी कागदाचा सांधा जुळविलेला आढळेल. हातकाम असेल तर कुंचल्याचा फटकारा आरंभीं भरदार व शेवटीं निमुळता असेल, दोन पानें कधीं तंतोतंत सारखीं नसतील, आणि भांडें तिरपें धरलें असतां रंग झिलईच्या किंचित् वर उठलेला दिसेल, बोटालाही लागेल. दोन्ही लक्षणें एकत्र दिसलीं तर तें आमच्या ताटलीचें गोत्र समजावें. मग ताटली उलटी करावी. पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. पण त्याजवळच रंगानें काढलेला एखादा आंकडा, ठिपका किंवा अक्षर असेल, तर तें नमुन्याचा क्रमांक किंवा कारागिराची खूण असण्याचा संभव असतो.

अशीं भांडीं राखेनें किंवा चिंचेनें घांसूं नयेत. सोनें निघून जातें. कोमट पाणी, मऊ फडकें, आणि खालीं जाड पंचा अंथरलेलें घमेलें एवढें पुरे. आणखी एक सूचना महत्त्वाची. या जुन्या रंगांत वितळण्यासाठीं पुष्कळदां शिसें घातलेलें असे, आणि आंबट पदार्थांनीं तें सुटून अन्नांत उतरतें. म्हणून त्यांत लोणचें, दही, चिंचेची चटणी कदापि वाढूं नये. शोभेचें भांडें शोभेलाच ठेवावें. ही माहिती आम्हीं घरांत सांगितली तेव्हां थोरल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘आमच्या सासूबाईंनीं तें स्वयंपाकघरांत येऊं दिलें नाहीं, तेव्हां तुम्हीं सगळे त्यांना हंसत होतां.’’ यावर आम्हांस निरुत्तर व्हावें लागलें.

असो. आमची ताटलीही आम्हीं उलटी करून पाहिली. कारखान्याचा शिक्का झिजून पुसट झालेला आहे. वाचतां येत नाहीं. पण कडेला तांबड्या रंगाचे दोन लहान फटकारे आहेत, एकावर एक तिरपे, घाईनें ओढलेले. तेवढीच त्या मुलीची सही. नगांचा हिशेब करतांना आपलीं भांडीं दुसरीच्या चवडींत मोजलीं जाऊं नयेत, एवढ्याचसाठीं तिनें ती केली असेल.

नातीला आम्हीं सांगितलें कीं हें चित्र एका मुलीचें आहे. तिचें नांव आम्हांला ठाऊक नाहीं, पण तिचाही रंग रेघेच्या बाहेर जात असे. तिनें भिंग घेऊन ते दोन फटकारे पुष्कळ वेळ पाहिले, आणि मग स्वतःच्या चित्रकलेच्या वहींत, पानाच्या पाठीमागें, एक खूण काढली. ती काय आहे हें तिनें आम्हांस सांगितलें नाहीं. ताटली पुन्हां फडताळांत गेली आहे. मात्र आतां ती मागें नाहीं, पुढच्या फळीवर उभी आहे.